टॉम क्रूझचं ते पुस्तक आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात हॉलिवूडचा नट टॉम क्रूझच्या चरित्रावर लिहिलं आणि सातारा-सांगलीतून एवढी पत्रं, मेसेज आले की हा सगळा कॉलम त्यालाच द्यावा लागला. ज्यांचा अंक हुकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अँड्र्यू मॉर्टन या इंग्लिश पत्रकारानं जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेत 'टॉम क्रूझ: ॲन अनऑथराइज्ड बायोग्राफी' हे पुस्तक काढलं, क्रूझच्या परवानगीशिवाय, आणि त्यातला बराच भाग क्रूझ ज्या सायंटॉलॉजी पंथात आहे त्याच्याबद्दल आहे. पद नसलं तरी क्रूझ हाच तिथला नंबर दोनचा माणूस असा मॉर्टनचा दावा, तो पंथानं साफ फेटाळला आणि पुस्तकाविरुद्ध पंधरा पानी निवेदन काढलं.

माझी कॉपी सांगलीत जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मिळाली. आधीच्या मालकानं, कोण ते माहीत नाही, पण मराठी माणूस होता, मार्जिनमध्ये पेन्सिलीनं बारीक अक्षरात जागोजागी लिहिलंय, "कोण म्हणालं?" आणि जिथं नाव घेऊन कुणी बोललंय तिथं नुसती टिकमार्क. मी अख्खं पुस्तक त्या पेन्सिलीच्या मागं मागं वाचलं, आणि खालची बरीच उत्तरं तिथूनच आलीत.

ताई, हे पुस्तक इंग्लंडमध्ये विकलंच नाही म्हणे. म्हणजे खोटं होतं म्हणूनच ना? मग वाचायचं कशाला? (इस्लामपूर)

नाही हो, एवढं सरळ नाहीय ते. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये प्रकाशकांनी ते काढलं नाही हे खरं, पण ते तिथल्या बदनामीच्या कायद्याच्या भीतीनं. इंग्लंडमध्ये बदनामीचा दावा झाला की लिहिणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं की मी लिहिलं ते खरं आहे. अमेरिकेत उलटं, तिथं १९६४ च्या न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन या निकालापासून आणि त्याच्या पुढच्या निकालांमुळं प्रसिद्ध माणसाला स्वतः दाखवावं लागतं की हे खोटं आहे, आणि लेखकाला ते खोटं असल्याचं माहीत होतं किंवा त्यानं बेफिकिरीनं लिहिलं. म्हणजे तेच पान, तेच वाक्य, पण एका देशात छापायला सोपं आणि दुसऱ्या देशात प्रकाशकाचं घरदार विकायला लावणारं. त्यामुळं छापलं नाही म्हणून खोटं असं धरू नका, आणि अमेरिकेत बेस्टसेलर झालं म्हणून खरं असंही धरू नका.

त्यापेक्षा अधिकृत चरित्र वाचलेलं बरं नाही का? निदान त्या माणसानं स्वतः सांगितलेलं तरी असतं. (वाई)

इथं मला जरा थांबायचंय, कारण असं म्हणणारी बरीच पत्रं आहेत. आपल्याकडं मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली ती साताऱ्याच्या छत्रपतींच्या आज्ञेवरून, त्याच्या कितीतरी आधी सभासदानं जिंजीला लिहिली ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. म्हणून काय त्या खोट्या ठरत नाहीत, पण इतिहासाचा अभ्यास करणारा माणूस आधी हेच बघतो की लिहायला कुणी सांगितलं, किती वर्षांनी लिहिलं, लिहिणारा तिथं होता का. अधिकृत चरित्रालाही तेच लावायचं. ज्याचं चरित्र त्यानंच मजकूर पास केलेला असेल तर काय गाळलं ते आपल्याला कधीच कळत नाही.

याच मॉर्टनचं १९९२ चं इंग्लंडच्या राजकुमारी डायनावरचं पुस्तक आठवा. तेव्हा सगळे म्हणाले ऐकीव गप्पा आहेत, आणि १९९७ ला ती गेल्यावर कळलं की तिनंच गुपचूप टेप करून माहिती पुरवली होती. पण त्या वेळी माणूस आतला होता म्हणून क्रूझच्या वेळीही आतलाच असेल असं नाही. क्रूझनं या पुस्तकासाठी मुलाखत दिलेली नाही. पंथ सोडून आलेल्या काही लोकांनी नाव लावून सांगितलंय, त्याला वजन आहे, तरी सोडून आलेल्याचा रागही त्यात धरायला लागतो. आणि बाकी बऱ्याच ठिकाणी ती पेन्सिल आहेच.

दुसऱ्याच्या धर्माला हसायचं हे बरोबर नाही. आपल्या देवदेवस्कीला बाहेरचे हसले तर आपल्याला चालेल का? (सातारा, निवृत्त शिक्षक)

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुमचं बरोबर आहे. मागच्या लेखात माझ्याकडून त्यांच्या श्रद्धेबद्दल एक वाक्य हलक्यानं गेलं, ते नको होतं. एल. रॉन हबर्ड हा विज्ञानकथा लिहिणारा माणूस, त्यानं १९५० च्या दशकात हा पंथ उभा केला, माणूस म्हणजे मुळात शरीरापलीकडचा अमर आत्मा असं ते मानतात, मानू देत. कुणाला ते विचित्र वाटेल, पण विचित्र वाटणं हा काही गुन्हा नाही.

माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. त्यांचं एक यंत्र असतं, ई-मीटर. माणसानं दोन्ही हातांत एकेक धातूचा डबा धरायचा, त्यातून अगदी बारीक करंट जातो, समोरचा प्रश्न विचारतो आणि काटा हलला की तिथं तुझं जुनं दुखणं अडकलंय असं समजायचं. त्वचेचा विद्युतरोध बदलला की काटा हलतो, एवढंच त्यातलं भौतिकशास्त्र. १९६३ मध्ये अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानं वॉशिंग्टनमध्ये छापा घालून ही यंत्रं जप्त केली आणि १९७१ ला कोर्टानं सांगितलं की धार्मिक विधीत वापरा, पण याचा रोगाचं निदान किंवा उपचारासाठी उपयोग नाही असं लेबल त्यावर पाहिजे. मला तो निकाल फार आवडतो. श्रद्धेला हात लावला नाही, आजारी माणसाची फसवणूक तेवढी अडवली.

आणि सर, साताऱ्याच्या माणसाला हे मी काय सांगावं, डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत राहिले की देवाधर्माला विरोध नाही, त्याच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्याच वर्षी आला. हे लिहिताना अजून घशाशी येतं.

सरकारांचंही या पंथाबद्दल एकमत नाही. अमेरिकेनं १९९३ मध्ये धर्म म्हणून करमाफी दिली, फ्रान्सच्या कोर्टानं २००९ मध्ये संघटित फसवणुकीसाठी दंड केला.

त्याच्या लहान मुलीच्या जन्माबद्दल पुस्तकात जे लिहिलंय ते खरं का? तुम्ही ते गाळलंत. (मिरज)

मुद्दाम गाळलं आणि आताही लिहिणार नाही. ती मुलगी एप्रिल २००६ ची, पुस्तक आलं तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. तिच्याबद्दलच्या त्या पानावर माझ्या कॉपीत पेन्सिलीची खूण इतकी दाबून केलीय की कागद फाटलाय. बापाचा पंथ हा चर्चेचा विषय होऊ शकतो, लेकराचा जन्म नाही.

मग आता मी त्याचे पिक्चर बघायचे का नाही? (कराड, कॉलेज)

बघ की. तिकिटाचे पैसे कुठं जातात हा विचार मनात आला तर तोही कर, पण अपराधी वाटून घेऊ नकोस.

आपल्याकडं एखाद्या नटाचं असं परवानगीशिवाय चरित्र लिहिता येतं का? मला लिहायचंय. (विटा)

येतं. १९९४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू सरकार, लोक त्याला ऑटो शंकर केस म्हणतात. जेलमधल्या एका खुन्याची जीवनकथा एक तमिळ नियतकालिक छापणार होतं आणि अधिकारी अडवत होते. कोर्ट म्हणालं, सार्वजनिक रेकॉर्डवर जे आहे ते त्या माणसाच्या संमतीशिवायही छापता येतं, पण त्यापलीकडं त्याच्या खासगी आयुष्यात शिरलात तर परिणामांना तुम्ही जबाबदार. तेव्हा कागद जमवा, तारखा जमवा, आणि प्रत्येक माणसाचं बोलणं कधी, कुठं, कुणासमोर झालं ते वहीत लिहून ठेवा. बदनामीचा गुन्हा आपल्याकडं आहेच, वकिलाला दाखवल्याशिवाय छापू नका.

ताई, माझी बहीण २६ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी एका आश्रमात गेली. आता फोन घेत नाही. तिला सांगितलंय म्हणे घरचे निगेटिव्ह आहेत. तुमच्या लेखात त्या पंथाबद्दल वाचलं आणि रात्रभर झोप नाही. काय करू? (तासगाव तालुका)

तुझं पत्र शेवटी ठेवलं कारण त्याला जागा पाहिजे होती.

सायंटॉलॉजीत याला 'डिसकनेक्शन' म्हणतात. पंथाच्या विरोधात आहे असं ठरवलेल्या माणसाशी, तो आईबाप का असेना, संबंध तोडायचे. बाहेर पडलेल्या कितीतरी जणांनी हेच दुःख सांगितलंय, आणि पंथ म्हणतो की हा ज्याचा त्याचा स्वतःचा निर्णय असतो. तुझ्या बहिणीचं काय झालंय ते मला इथं बसून कळणार नाही, पण हे बघ.

ती सज्ञान आहे, तिला ओढून आणता येणार नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. तिच्या गुरूला शिव्या देणारा एकही मेसेज घरातून जाऊ देऊ नकोस, काकांना, मामांना पण सांग, कारण असा प्रत्येक मेसेज तिला सांगितलेलं खरं करून दाखवतो. तिनं कुठं पैसे दिले, दागिने नेले, त्याच्या तारखा लिहून ठेव. चमत्काराच्या नावानं फसवणूक, धमकी असं काही हाताला लागलं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यासाठी पोलीस दक्षता अधिकारी असतो, त्याला भेट. तिला कोंडून ठेवलंय असा पक्का संशय असेल तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज करता येतो, आणि आता कोल्हापूरलाच सर्किट बेंच झालंय, मुंबई गाठायला नको.

पण हे सगळं लागलंच तर. आधी एक कर. तिला आवडत असेल तर भडंगाचं पाकीट नाहीतर आईच्या हातचं काहीतरी पार्सल कर, आत छोटी चिठ्ठी टाक, त्यात कधी येणार, असं का केलंस, यातलं काही नको. म्हैस व्याली, शेजारच्या पोराचं लग्न ठरलं, द्राक्षाला या वर्षी काय भाव मिळाला, एवढंच. उत्तर नाही आलं तरी पुढच्या महिन्यात पुन्हा पाठव. आणि मला कळव, पत्ता तुझ्याकडं आहेच.