चिनी भाषेतला 'बर्फात कोळसा' म्हणजे आपला 'काडीचा आधार' का?

प्रश्न असा आहे की चिनीत 'श्वे चुंग सुंग थान', म्हणजे शब्दशः 'बर्फात कोळसा पाठवणं', असं म्हणतात, तर ते आपलं 'बुडत्याला काडीचा आधार' का? माझ्या मते नाही. काडीने कोणी वाचत नाही, बुडणारा नाइलाजाने तिला धरतो एवढंच, पण कोळशाने खरंच ऊब मिळते. आपल्याकडे जवळचं म्हणजे 'अडीनडीला धावून येणं'.

हा चार अक्षरांचा छंगयू, म्हणजे चिनीतला ठरीव वाक्प्रचार, आहे (बहुतेक छंगयू चार अक्षरीच असतात) आणि त्याची गोष्ट सोंग घराण्याच्या सम्राट थायत्सोंगची सांगतात, इ.स. ९९३ मध्ये कडाक्याची थंडी आणि बर्फ पडला तेव्हा त्याने राजधानीत, म्हणजे आजच्या खायफंगमध्ये, निराधार म्हाताऱ्यांना आणि गरिबांना पैसे, तांदूळ आणि कोळसा पाठवला. याच्या उलट 'चिन शांग थ्येन हुआ', जरीच्या कापडावर आणखी फुलं काढणं, म्हणजे ज्याचं आधीच छान चाललंय त्याला अजून देणं. हे वाईट अर्थानेच वापरतात असं नाही, कौतुकानेही म्हणतात, पण दोन्ही शेजारी ठेवले की कळतं की चिनी माणूस मदत किती मोठी यापेक्षा कधी आली हे आधी बघतो.

याच मुद्द्यावरची च्वांगत्झ या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. घरात खायला नाही म्हणून तो एका सरदाराकडे धान्य उसनं मागायला जातो, सरदार म्हणतो हो हो, सारा वसूल झाला की तीनशे मोहरा देतो. च्वांगत्झ भडकतो आणि म्हणतो, काल येताना गाडीच्या चाकोरीत एक मासा तडफडत होता, म्हणाला थोडंसं पाणी घाल, मी म्हटलं दक्षिणेला राजांना भेटायला चाललोय, तिथून तुझ्यासाठी अख्खी नदीच वळवून आणतो, तर मासा म्हणाला, मग मला सुक्या मासळीच्या दुकानातच शोध! यावरूनच आटलेल्या चाकोरीतला मासा हा छंगयू आला, अगदी कोंडीत सापडून तातडीच्या मदतीची वाट बघणारा माणूस. 'हान फेइत्झ' या प्राचीन चिनी ग्रंथातलं 'लांबच्या पाण्याने जवळची आग विझत नाही' हेही तेच सांगतं, आपलं 'वरातीमागून घोडं' त्याच्या जवळ जातं.

आणि घाई केली तरी चुकतंच. मेन्शियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या गोष्टीतला सोंग राज्यातला (हे वरच्या सोंग घराण्याच्या खूप आधीचं, वेगळं राज्य) शेतकरी रोपं लवकर वाढावीत म्हणून एकेक ओढून वर करतो, घरी येऊन सांगतो आज दमलो बुवा, रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतात जातो तर सगळी सुकलेली. मुलांच्या मागे क्लासेसचा ससेमिरा लावणाऱ्या पालकांना चीनमध्ये आजही हेच ऐकवतात.

वापरताना एक लक्षात ठेवा, 'बर्फात कोळसा' हे ज्याला मदत मिळाली त्याने म्हणायचं, स्वतःच्या मदतीबद्दल म्हटलं तर फुशारकी वाटते. मदत करणाऱ्याने 'च्यु शोउ चिर् लाव' म्हणायचं, हात वर करण्याइतकेच कष्ट, म्हणजे आपलं 'अहो, त्यात काय एवढं'.