बागेसाठी अवजारं कोणती घ्यावीत? दहा नगांचा संच नको, आधी एक खुरपं घ्या

तुम्ही विचारलंय की बाग नुकतीच सुरू केली आहे, ऑनलाइन दिसणारा दहा अवजारांचा संच घ्यावा का, आणि आमचं प्रत्येकाचं आवडतं अवजार कोणतं.

संच घेऊ नका. मी घेतला होता. साताऱ्यात घरामागे अर्धा गुंठा जागा आहे, माती कमी आणि मुरूम जास्त. संचातल्या छोट्या फावडीनं पहिल्याच दिवशी कढीपत्त्याच्या मुळातून फुटलेलं रोप काढायला गेले, तर फावडीचीच मान वाकली. सरळ केली, पुन्हा वाकली, तिसऱ्यांदा तुटली. पातं पत्र्याचं आणि मान नुसती झाळलेली, दुसरं काय होणार! त्यातला तीन दातांचा पंजा अजून आहे. त्यानं पाठ छान खाजवता येते.

मग आठवडी बाजारात लोहाराकडून खुरपं घेतलं. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद, ठोकून केलेलं पातं, बाभळीची मूठ. मी डावखुरी, त्यामुळे तयार खुरप्याची मान मला उलटी पडत होती. लोहारदादा हसले, ‘डावरीचं खुरपं व्हय?’ म्हणाले, भट्टीत घातलं आणि मान दुसऱ्या बाजूला वळवून दिली. कुठली वेबसाइट हे करून देणार?

खुरपं चालवायचं म्हणजे खणायचं नाही. पातं जमिनीला जवळजवळ आडवं धरायचं, अर्धं बोट खाली घालायचं आणि आपल्याकडे ओढायचं. बारीक तण मुळाशी कापून वर येतं, माती उलथत नाही. लव्हाळ्याला मात्र हे चालत नाही. त्याच्या गाठी खाली एकमेकींना दोऱ्यासारख्या मुळांनी जोडलेल्या असतात. वरचं पातं कापलं की आठवड्यात पुन्हा हिरवंगार. तिथे खुरप्याचं टोक बाजूनं खोल घालून उचकटायचं आणि काळी गाठ हातात आल्याशिवाय सोडायचं नाही. हे काम पावसानं उघडीप दिल्यावर, वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण चिकटणार नाही इतकी झाली की करावं. चिखलात गाठ सुटत नाही, वाळलेल्या मातीत तुटते. रोप लावायला खड्डा, कुंडीच्या कडेनं फिरवून मातीचा गोळा सोडवणं, शेणखताचं पोतं फाडणं, सगळं त्याच एका पात्यावर होतं. गुडघे कुरकुरतात म्हणून मी प्लास्टिकचा पाट घेऊन बसते.

दुसरी वस्तू छाटणीची कात्री. इथे मात्र पैसे वाचवू नका. दोन पाती एकमेकांवरून सरकणारी घ्या. एक पातं सपाट पट्टीवर दाबून कापणारी असते ती वाळक्या फांदीला ठीक, पण हिरवी फांदी चेंगरते. गुलाब छाटताना डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, वर साधारण पाव इंचावर तिरका काप घ्यायचा. उजव्या हाताची कात्री मी डाव्या हातात धरली की नेमका तो डोळाच पात्याआड जातो. स्वित्झर्लंडची फेल्को कंपनी डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री काढते, पण माझ्या चार गुलाबांसाठी तेवढा खर्च जीवावर येतो. मी मान वाकडी करून काम भागवते. फांद्या वरून काळ्या पडून वाळत येत असतील तर प्रत्येक झाडानंतर पाती स्पिरिटनं पुसा, नाहीतर रोग तुम्हीच वाटत फिराल. अंगठ्यापेक्षा जाड फांदीला करवत.

कात्री शोभेच्या रोपवाटिकेतून घेण्यापेक्षा तासगाव किंवा नाशिककडच्या कृषी सेवा केंद्रातून मागवा. ‘सिकेटर’ म्हणालात की कळतं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करणारे द्राक्षवाले तिथूनच घेतात, त्यामुळे टाकाऊ माल तिथे फार दिवस टिकत नाही.

झारी बारीक भोकांची हवी, नाहीतर मेथीचं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. गच्चीवर चार कुंड्याच असतील तर बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईनं भोकं पाडा, पुरे. एक घमेलं. एवढ्यावर माझी बाग चालते. कुदळ वर्षातून दोनदा लागते, ती शेजारून आणते.

कमानपाट्याचं पोलाद धार चांगली धरतं, पण गंजतंही लवकर. काम झालं की माती पुसायची, बोटभर खोबरेल फिरवायचं. आणि मुठीला लाल चिंधी बांधा. माझं खुरपं एकदा उपटलेल्या तणाबरोबर कंपोस्टच्या खड्ड्यात गेलं. महिनाभर मोलकरणीपासून मांजरापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. खत काढताना ते सापडलं, तेव्हा मूठ वाळवीनं पोखरलेली होती आणि पातं मात्र शाबूत.