ऑप्टिक्सच्या लॅबमध्ये पहिल्यांदा येताना

लेसर चालू करण्याआधी हातातलं घड्याळ आणि अंगठी काढून ठेव. चकचकीत धातूवरून उडालेला किरण कोणाच्या डोळ्यात जाईल, सांगता येत नाही. खाली पडलेलं काही उचलायचं असेल तर आधी किरण अडव. वाकताना तुझे डोळे नेमके त्याच्याच पातळीवर येतात.

सुरुवात मायकेल्सनच्या व्यतिकरणमापकापासून (इंटरफेरोमीटर) कर. हेलियम-निऑन लेसरचा ६३२.८ नॅनोमीटरचा लाल किरण दोन वाटांनी पाठवायचा आणि परत एकत्र आणायचा, एवढंच. पडद्यावर दोन ठिपके दिसतील. आरशामागचे स्क्रू केसभर फिरवत ते एकमेकांवर बसव. मला पहिल्या वेळी अख्खी दुपार लागली होती, तेव्हा घाबरू नकोस. दोन किरण मिसळून होणारे उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात ते एकदमच, आणि टेबलावर नुसतं बोट टेकवलं तरी थरथरतात. आरसा साधारण ३१६ नॅनोमीटर सरकला की एक पट्टा पुढे जातो. हे स्वतःच्या डोळ्यांनी मोजून बघच.

ही मेहनत वाया जात नाही. १९९१ मध्ये एमआयटीतल्या गटाने याच तत्त्वावर डोळ्याच्या दृष्टिपटलाचे थर दाखवले. आज नेत्रतज्ज्ञ लिहून देतात ती ओसीटी तपासणी तीच. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळासुद्धा मुळात मायकेल्सनच आहे, फक्त बाहू, म्हणजे किरणाच्या त्या दोन वाटा, ४ किलोमीटरचे.

आणि आरशाच्या पृष्ठभागाला बोट कधीच लावू नकोस. धूळ दिसली तर आधी ब्लोअरने उडव. पुसायची वेळ आलीच, तर पहिल्यांदा मला हाक मार.