आधी बघा, समोर कोण आहे

अमेरिकेचा घटनात्मक हक्कांचा कायदा शिकताना खटल्यांची नावं पाठ करत बसू नका. प्रत्येक प्रकरणात आधी एकच बघा: हक्क डावलणारं सरकार आहे की खासगी माणूस? अमेरिकेची भाषणस्वातंत्र्य जपणारी पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही. फेसबुकवरच्या पोस्टपायी कंपनीने काढून टाकलं, तर ती दुरुस्ती दाखवून काही हाती लागत नाही. आपली मंडळी इथे हमखास अडखळतात, कारण आपल्या घटनेचं कलम १७ अस्पृश्यता पाळणाऱ्या खासगी माणसालाही धरतं.

मग हॉटेलवाल्याने कृष्णवर्णीयाला खोली नाकारली तर? तिथे १९६४चा नागरी हक्क कायदा येतो. गंमत बघा, सर्वोच्च न्यायालयाने 'हार्ट ऑफ अटलांटा मोटेल' खटल्यात तो टिकवला, पण समतेच्या नव्हे, आंतरराज्य व्यापाराच्या कलमावर! समतेची हमी देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीचा हात खासगी भेदभावापर्यंत पोचत नाही, असं न्यायालयानेच १८८३ मध्ये ठरवून ठेवलं होतं ना.

आणि हो, १७९१चं बिल ऑफ राइट्स, म्हणजे पहिल्या दहा दुरुस्त्यांमधली हक्कांची यादी, मुळात राज्यांना लागूच नव्हतं. १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे ते पुढे एकेक हक्क करत लागू झालं. शस्त्राचा हक्क तर थेट २०१० साली. म्हणून जुना निकाल हाती घेतला की साल आधी बघायचं.