निर्दोष होत्या तर कबूल का केलं?

प्रश्न: युरोपात चर्चने लाखो बायकांना चेटकीण म्हणून जाळलं असं वाचलंय. पण कोर्टाच्या कागदांत खूपजणींची स्वतःची कबुली आहे म्हणे. काहीच केलं नव्हतं तर कबूल का करायच्या?

उत्तर: आकडा आधी नीट करून घेऊ. साधारण १४५० ते १७५० या काळात ४० ते ६० हजार लोक मारले गेले असं बहुतेक इतिहासकार मानतात, त्यात बायकाच जास्त (आइसलँडमध्ये मात्र बहुतेक पुरुष), आणि बरेचसे खटले चर्चच्या नाही तर साध्या कोर्टात चालले.

आता कबुलीचं, कारण खरा प्रश्न तोच आहे. जर्मनीतल्या बाम्बर्गचे एक महापौर योहानेस युनिउस १६२८ मध्ये या आरोपात अडकले आणि तुरुंगातून त्यांनी मुलीला चोरून एक पत्र पाठवलं, ते आजही आहे. त्यात ते लिहितात की मी निर्दोष आहे, पण इतका छळ केलाय की हाताने धड लिहिताही येत नाही, शेवटी ज्याच्या हातून छळ होत होता तोच हात जोडून म्हणाला, काहीतरी रचून सांगा, तुम्हाला हे सहन होणार नाही. मग त्यांनी रचलं. तेवढ्यावर भागलं नाही, साथीदारांची नावं पाहिजेत म्हणून त्यांना गल्लीगल्लीतून फिरवलं आणि इथे कोण राहतं, तिथे कोण राहतं असं विचारत नावं काढून घेतली. एका कबुलीतून पुढचे दहा आरोपी असे तयार व्हायचे! ते पत्र वाचून मला तरी त्या कागदांवर काडीचा विश्वास ठेवावासा वाटत नाही.

अमेरिकेत सेलमला १६९२ मध्ये तर अजून भयंकर, तिथे कबूल केलं आणि त्यावर ठाम राहिलं तर जीव वाचायचा, नाही म्हणणाऱ्यांपैकी १९ जणांना फाशी झाली. मग माणूस काय करेल सांगा.

तरी काहीजणी शेवटपर्यंत नाहीच म्हणाल्या. खगोलशास्त्रज्ञ केप्लरची म्हातारी आई काटारिना १४ महिने कैदेत होती, छळाची हत्यारं समोर दाखवली तरी तिने कबूल केलं नाही, मुलाने सगळी कामं सोडून तिचा बचाव लढवला आणि १६२१ मध्ये ती सुटली. पण पुढच्याच वर्षी गेली.