‘द थर्टीन्थ फ्लोअर’ : आभासी जगातील रहिवाशांचे काय?

‘द थर्टीन्थ फ्लोअर’ या १९९९ सालच्या विज्ञान-रहस्यपटाविषयी वाचकांनी आपली मते आणि शंका कळवाव्यात, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न उत्तरांसह येथे देत आहोत. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात असे : लॉस एंजेलिसमधील एका संगणक कंपनीचा मालक हॅनन फुलर १९३७ सालचे तेच शहर संगणकात उभे करतो. तेथील माणसे विचार करतात, प्रेम करतात, घाबरतात. आपण आभासी आहोत हे मात्र त्यांना ठाऊक नाही. वरच्या जगातील माणूस यंत्राच्या साहाय्याने त्यांच्यापैकी एखाद्याच्या शरीरात काही काळ शिरू शकतो. फुलरचा खून होतो, संशय त्याचा सहकारी डग्लस हॉल याच्यावर येतो आणि शोध घेता घेता हॉलला उमगते की, त्याचे स्वतःचे जगही कोणीतरी वरून चालवीत आहे. पुढील उत्तरांत चित्रपटाच्या शेवटाचीही चर्चा आहे, याची नोंद घ्यावी.

प्रश्न : ‘द मॅट्रिक्स’ नंतर हा चित्रपट पाहिला आणि तो त्याची फिकी नक्कल वाटला. माझे मत चुकीचे आहे का? — एक वाचक, सोलापूर

फिका वाटणे ही आवडीची बाब आहे; नक्कल मात्र म्हणता येणार नाही. ‘द मॅट्रिक्स’ अमेरिकेत ३१ मार्च १९९९ रोजी आणि हा चित्रपट २८ मे रोजी प्रदर्शित झाला. दोन महिन्यांत कोणी नक्कल करून चित्रपट पूर्ण करीत नाही. त्याच वर्षी डेव्हिड क्रोनेनबर्गचा ‘एक्झिस्टेन्झ’ आला होता आणि त्याच्या आदल्या वर्षी ‘डार्क सिटी’. म्हणजे हा विषय तेव्हा अनेकांच्या मनात एकाच वेळी घोळत होता.

या चित्रपटाचे मूळ तर त्याच्याहून पस्तीस वर्षे जुने आहे. अमेरिकन लेखक डॅनिएल गॅलॉय यांची ‘सिम्युलाक्रॉन-३’ ही कादंबरी १९६४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून जर्मन दिग्दर्शक रायनर वेर्नर फासबिंडर यांनी १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीसाठी ‘वेल्ट आम द्राट’ हा दोन भागांचा चित्रपट केला. कादंबरीतील आभासी शहर बाजारातील कल आजमावण्यासाठी उभारलेले असते. खऱ्या लोकांच्या दारात जाऊन त्यांची मते विचारण्याऐवजी या शहरातील माणसांसमोर नवी वस्तू ठेवायची आणि ते काय करतात ते पाहायचे, अशी ती योजना आहे. त्यामुळे घरोघर मते गोळा करणाऱ्यांचा रोजगार जाणार असतो आणि ते रस्त्यावर उतरतात. फासबिंडरच्या चित्रपटात पोलाद उद्योगाला भविष्याचे अंदाज गुपचूप हवे असतात. १९९९ च्या चित्रपटाचे दिग्दर्शक जोसेफ रुस्नाक यांनी हा सारा आर्थिक भाग गाळला आणि त्या जागी एका वृद्धाची तरुणपणीच्या शहराविषयीची ओढ आणली. माझ्या मते चित्रपटाचे सर्वांत मोठे नुकसान येथे झाले आहे, कारण जग निर्माण करणाऱ्याचा त्यात काय लाभ आहे, हा प्रश्न त्यामुळे धूसर होतो.

प्रश्न : खुनी कोण, याचा अंदाज मध्यालाच येतो आणि पुढे उत्कंठा राहत नाही. रहस्यपट म्हणून हे अपयश नव्हे काय? — एक वाचक, ठाणे

खुनाचे कोडे सैल आहे, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु आपण त्या कोड्यावरून नजर काढून जेरी अ‍ॅश्टनकडे वळवावी, अशी माझी विनंती आहे. अ‍ॅश्टन हा १९३७ च्या शहरातील हॉटेलमध्ये मद्य देणारा नोकर. फुलरने हॉलसाठी लिहिलेले पत्र त्याच्याकडे ठेवायला दिलेले असते आणि तो ते उघडून वाचतो. ज्या ठिकाणी आपण कधीच गेलो नसतो अशा ठिकाणी जा, वाटेतील अडथळ्यांची पर्वा करू नकोस, असे पत्रात सुचवलेले असते. तो गाडी घेऊन शहराबाहेर जातो आणि त्याला जगाचा शेवट दिसतो, म्हणजे डोंगर आणि आकाश संपून उरलेल्या नुसत्या रेषा.

त्यानंतर अ‍ॅश्टन हॉलसमोर उभा राहतो तेव्हा त्याचा संताप पाहण्यासारखा आहे. व्हिन्सेंट डी’ओनोफ्रिओ या नटाने हाच अ‍ॅश्टन आणि वरच्या जगातील निरुपद्रवी तंत्रज्ञ व्हिटनी अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत; शरीर एकच असूनही चाल, नजर आणि आवाज यांतून दोन पूर्ण वेगळी माणसे उभी राहतात. अ‍ॅश्टनचा प्रश्न साधा आहे : तुम्ही आमच्याशी हा खेळ कोणत्या अधिकाराने खेळता? हॉलजवळ त्याला उत्तर नसते आणि थोड्याच वेळात तोच प्रश्न हॉलला स्वतःच्या निर्मात्यांना विचारावासा वाटणार असतो. पुढे हॉलही गाडी घेऊन निघतो आणि आपल्या जगाच्या कडेला जाऊन तशाच रेषा पाहतो, तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसत नाही ही आपली तक्रार खरी आहे; तथापि त्या क्षणी मला धक्क्यापेक्षा अ‍ॅश्टनची आठवण अधिक मोलाची वाटली. ज्याला आपण काही मिनिटांपूर्वी ‘नुसता आभास’ मानत होतो, त्याचे दुःख हॉलच्या दुःखापेक्षा रतिभरही कमी नव्हते, हे तेथे कळते.

प्रश्न : जेन ही नायिका आहे, पण तिचे वागणे मला खटकले. ती चांगली की वाईट? — एक वाचक, कोल्हापूर

आपल्या पत्राने मला हा चित्रपट पुन्हा पाहायला लावला, याबद्दल मनःपूर्वक आभार. जेन हॉलच्याही वरच्या जगातून येते. तिचा पती डेव्हिड हॉलच्या शरीरात शिरून खून करतो आणि त्यात त्याला आनंद वाटू लागला आहे. त्याला थांबवणे हा तिचा हेतू आहे आणि तो निश्चितच चांगला आहे. परंतु खाली येण्यासाठी तीही नताशा मोलिनारो नावाच्या दुकानातील रोखपाल मुलीचे शरीर वापरते आणि त्याला नताशाची संमती नसते. हॉल त्या दुकानात जाऊन तिला भेटतो तेव्हा ती त्याला ओळखत नाही. हा छोटा प्रसंग मला संपूर्ण चित्रपटातील सर्वांत वेदनादायी वाटतो.

शेवटी पोलीस तपास अधिकारी मॅकबेनच्या गोळीने डेव्हिड हॉलच्या शरीरात असतानाच मरतो आणि यंत्राच्या नियमाप्रमाणे हॉलची जाणीव वरच्या जगात डेव्हिडच्या शरीरात जागी होते. समुद्रकिनारी जेन आहे, तिचे वडील आहेत, सारे सुखात आहे. पण जेन निघून गेल्यावर नताशा कोठे शुद्धीवर आली असेल? एका मृतदेहाजवळ, हातात पिस्तूल घेतलेल्या पोलिसासमोर, आणि मधला काळ कोठे गेला हे ठाऊक नसताना. चित्रपट तिच्याकडे परत वळत नाही. त्याला तिची आठवणच राहिली नाही, हा मला त्याचा खरा दोष वाटतो. अनेक प्रेक्षकांना शेवट गुळगुळीत वाटतो, त्याचेही मूळ कदाचित येथेच असावे. उलट मॅकबेन, जो आरंभापासून केवळ खुनाचा तपास करणारा म्हणून वावरतो, तो जेनला एवढेच सांगतो की, परत गेल्यावर आम्हा सर्वांना आमच्या जगात सुखाने राहू द्या. नताशाच्या वतीने कोणी बोलले असेल, तर तोच.

प्रश्न : हे सारे आपल्याकडील मायावादात पूर्वीच सांगितलेले नाही का? — एक वाचक, नाशिक

साम्य आहेच, आणि ‘योगवासिष्ठा’तील लीलेची कथा वाचलेल्याला ते लगेच जाणवेल. राणी लीलेचा पती पद्म मरण पावतो आणि सरस्वती तिला दाखवते की, तो दुसऱ्या जगात विदूरथ नावाचा राजा म्हणून नांदत आहे. ते जग याच महालात सामावलेले आहे आणि हे जगही आणखी एका घरात, जेथे हीच दोघे एक ब्राह्मण दांपत्य होती. एकात एक अशी जगे आणि एकाच जीवाची अनेक रूपे ही रचना तेथे पूर्णपणे आढळते.

तरीही दोन्ही गोष्टी एक नाहीत. त्या कथेत वरच्या जगाचा मालक नाही, यंत्र नाही आणि कोणी कोणाच्या जगावर व्यवसाय करीत नाही. सर्व जगे सारखीच मिथ्या असून ज्ञानाने सर्वांतूनच मुक्त व्हायचे आहे. चित्रपटात मात्र वरच्याच्या हाती कळ आहे आणि खालच्याच्या हाती काही नाही. त्यातील दुःख अज्ञानाचे नसून सत्तेचे आहे. अ‍ॅश्टनला सत्य कळते, पण त्यामुळे तो मुक्त होत नाही.

प्रश्न : आपण खरोखरच अशा जगात राहत असू, असे शास्त्रज्ञ म्हणतात ते खरे का? — एक वाचक, बंगळूरु

आपला रोख बहुधा निक बोस्ट्रॉम या तत्त्वज्ञांच्या २००३ सालच्या निबंधाकडे आहे. आपण आभासी जगात आहोत, असा दावा त्यांनी केलेला नाही. तीन शक्यतांपैकी किमान एक खरी असली पाहिजे, एवढेच ते मांडतात : एक तर जवळजवळ सर्व संस्कृती तेवढे सामर्थ्य येण्याआधीच नष्ट होतात, किंवा सामर्थ्य येऊनही आपल्या पूर्वजांची आभासी जगे घडवण्यात त्यांना रस नसतो, किंवा आपण जवळजवळ निश्चितच अशा जगात आहोत. यंत्रातील गणनेतून जाणीव निर्माण होऊ शकते, हे त्यात गृहीत धरलेले आहे आणि वादाचे खरे ठिकाण तेच आहे. शास्त्राने सिद्ध केलेली ही गोष्ट नव्हे.

प्रश्न : अगदी शेवटी दूरचित्रवाणी संच बंद व्हावा तसे चित्र मिटते. म्हणजे २०२४ चे, जेनचे वरचे जगही खोटेच का? — एक वाचक, चिपळूण

दिग्दर्शकाने तसा संशय मुद्दाम ठेवला आहे आणि निर्णय प्रेक्षकावर सोडला आहे. मला तो सूचक वाटतो. आपल्याला ती पळवाट वाटली असेल, तर तेही समजण्यासारखे आहे.

प्रश्न : फासबिंडरचा चित्रपट आधी पाहावा की हा? — एक वाचक, पणजी

आधी हा पाहावा. तो सुमारे १०० मिनिटांचा आहे आणि त्यातील कथा सरळ उलगडते. फासबिंडरचा चित्रपट जवळजवळ साडेतीन तासांचा आहे. २०१० मध्ये तो नव्याने दुरुस्त करून बर्लिन महोत्सवात दाखवण्यात आला आणि त्यानंतर सहज उपलब्ध झाला. तो दोन बैठकांत पाहिला तरी चालेल, कारण मुळात तो दोन भागांतच प्रसारित झाला होता. मायकल बालहाउस यांच्या छायाचित्रणात आरसे आणि काचा किती वेळा येतात, तिकडे लक्ष असू द्यावे. एका मेजवानीत नायकाशी बोलत असलेला सुरक्षा अधिकारी अचानक नाहीसा होतो आणि नंतर त्याचे नावही कोणाला आठवत नाही, तो प्रसंग विशेष लक्षपूर्वक पाहावा आणि आपल्याला काय वाटले ते आम्हाला अवश्य कळवावे.