राक्षसाची दया आली म्हणून

प्रिय मैत्रिणी,

मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ ही कादंबरी वाचताना भीती वाटण्याऐवजी तुला रडू आले आणि मैत्रिणींना तसे सांगताच त्यांनी “खुन्याची कसली दया?” म्हणून तुझी थट्टा केली, असे तू लिहिले आहेस. त्यातल्या, माणसाने घडवलेल्या प्राण्याने एका लहान मुलाचा गळा घोटला हे ठाऊक असूनही जीव त्याच्यासाठीच तुटतो, म्हणजे आपल्यातच काही बिघडले आहे का, असा तुझा प्रश्न आहे.

काहीही बिघडलेले नाही. तू कादंबरी मन लावून वाचली आहेस, इतकेच. तुझ्या मैत्रिणींनी तो प्राणी बहुधा पडद्यावरच पाहिला असावा. (फ्रँकेनस्टाइन हे त्याचे नाव नसून त्याला घडवणाऱ्याचे आडनाव आहे, हेही पुष्कळांना माहीत नसते.) पुस्तकात मात्र ऐन मध्यावर लेखिका त्याची कहाणी त्याच्याच तोंडून ऐकवते. महिनोन्‌महिने एका कुटुंबाच्या घराला लागून लपून राहिलेला, त्यांचे बोलणे ऐकून भाषा शिकलेला, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवणारा तो, घरातला आंधळा म्हातारा एकटा असल्याची संधी साधून आत जातो, कारण त्याचा चेहरा न पाहता त्याच्याशी बोलेल असा तेवढा एकच माणूस तिथे असतो. म्हातारा आपुलकीने बोलतोही. इतक्यात मुलगा परत येतो आणि त्याला काठीने झोडपू लागतो. त्या मुलाला फाडून टाकण्याची ताकद अंगात असूनही तो हात उगारत नाही. हे वाचून ज्याला काहीच वाटत नाही, त्याची काळजी मला अधिक वाटेल.

दया येणे आणि गुन्हा माफ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेखिकेने दुसरी आपल्यासाठी मुद्दाम अवघड करून ठेवली आहे. त्या लहान मुलाचा, विल्यमचा, खून रागाच्या भरात झाला असे एक वेळ म्हणता येईल. पण त्याच्या गळ्यातले छोटे चित्र त्याच्याच घरी काम करणाऱ्या, झोपलेल्या जस्टीनच्या कपड्यांत ठेवताना त्या प्राण्याला आपण काय करतो आहोत हे पुरते कळत होते, आणि त्यापायी खुनी ठरून ती निरपराध मुलगी फासावर गेली. तुझे अश्रू खरे आहेत, तसा जस्टीनवरचा अन्यायही खरा आहे. दोन्ही एकाच वेळी मनात राहू दे. मेरी शेलीने 1816 मध्ये ही कथा लिहायला घेतली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती, म्हणजे तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी.

मैत्रिणींना पटवत बसू नकोस. वाटल्यास त्या आंधळ्या म्हाताऱ्याचे प्रकरण त्यांना वाचायला दे आणि विषय सोडून दे.

मला थांबवले ते पत्राच्या शेवटी तू लिहून खोडलेल्या ओळीने. “मीसुद्धा कुणाला नकोच आहे,” हे शब्द खोडूनही वाचता येतात. पुस्तकातल्या एका दुःखाने आपले दुःख वर येणे स्वाभाविक आहे, पण ते पुस्तकापुरते आहे की आधीपासूनचे, हे तुलाच ठाऊक. आधीपासूनचे असेल, तर आई, मावशी, एखाद्या बाई, ज्यांच्याशी बोलताना तुला संकोच वाटत नाही त्यांना याच आठवड्यात सांग; आणि प्रत्यक्ष बोलवत नसेल, तर मला लिहिलेस तसे त्यांनाही पत्र लिही, फक्त ती ओळ न खोडता.

तुझी,
ताई